उजव्या अंगाचा आठ

मित्रांनो, मी एक जुना चपटा ब्रश आहे. धारूरच्या गुंडप्पा पेंटरांच्या, म्हणजे आमच्या अप्पांच्या हातातला माझा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच होता.

माजलगावच्या धरणाकाठी मासे धरणाऱ्या म्हाळूची पत्र्याची होडी ओढून ठेवली होती. तिच्या डाव्या अंगावर अप्पांनी नोंदणीचा पूर्ण नंबर लिहिला. उजव्या अंगावर शेवटचा आकडा तेवढा राहिला. तिथे, होडीच्या पुढच्या टोकाजवळ, पत्रा गंजला होता. गंज खरवडून लावलेला लाल रंग अजून ओला होता.

"आठ उद्या टाकतो," अप्पा म्हणाले.

"उद्या नक्की टाका, पेंटर. न्हाईतर धरणातले मासे म्हातारे व्हायचे," म्हाळू म्हणाला.

"म्हातारेबी तू ताजे म्हणून इकशील की."

सुटीवर आलेली अप्पांची लेक शिवकन्या सोबत होती. रिवाजाप्रमाणे अप्पांनी तिला लांब बांधावर उभं केलं. होडीचा नंबर लांबून वाचता आला तरच तो नंबर, असं ते म्हणत. तिने वाचला.

"आन् कसा वाटतोय?"

"दिसतोय की," ती म्हणाली. लहानपणापासून तिचं उत्तर तेच होतं.

अप्पा हसले. त्यांनी मला टर्पेंटाइनमध्ये धुतलं, खोबरेल लावून माझे केस चिमटीत जुळवले आणि डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

माझं आयुष्य या माणसाच्या हातात गेलं. माझा पहिला दांडा मोडला तेव्हा त्यांनी बाभळीचा तासून बसवला. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. त्यांच्या हाताच्या कलाने माझे केसही एका बाजूने झिजले. आम्ही किराणा दुकानांच्या पाट्या लिहिल्या, ट्रॅक्टरवर नावं लिहिली. लोक थांबून बघत. मग फ्लेक्स आले आणि मी बरेच दिवस डब्यात पडून राहिलो. शेवटी होड्यांनी आम्हाला सांभाळलं.

अप्पांना माती दिल्यावर काही दिवसांनी म्हाळू घरी आला. चहाचा कप त्याने खाली ठेवला.

"ताई, नंबर अर्धा हाय म्हणून धरणावरचे सायब होडी पाण्यात घालू देईनात. रेडियमवाला म्हणतोय, अप्पाचे आकडे खरडून दोन्ही बाजूंनी नवंच चिकटवतो. त्याचा आठ अप्पाच्या आकड्यांशेजारी शोभत न्हाई म्हणे."

"खरडू नका," शिवकन्या म्हणाली. "मी येते."

तिने डबा उघडला तेव्हा माझे केस मऊ होते. मित्रांनो, काम संपल्यावर आपलं साधन धुऊन ठेवत जा. त्या संध्याकाळी अप्पांनी कंटाळा केला असता, तर मी दगड होऊन बसलो असतो.

काठावर तिने डाव्या अंगावरचा अप्पांचा आठ पातळ कागदावर उतरवला आणि मापात मोजून तसाच उजवीकडे काढला. मग म्हाळूला बांधावर पाठवलं.

"ताई, आठ खाली बसलाय की," तो तिथून ओरडला. "अन् लई वाळलाय. उपाशी हाय जणू."

डावीकडचा आठ टोकापासून लांब, सपाट पत्र्यावर होता; उजवीकडचा टोकाजवळ येतो आणि तिथे पत्रा वळतो. तिथला आकडा अप्पा जरा रुंद आणि किंचित वर काढत. मला ते ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. शिवकन्याने चिंधीने आठ पुसला आणि ती स्वतः बांधावर गेली. तिथून तिने त्या रिकाम्या जागेकडे खूप वेळ पाहिलं. परत आली तेव्हा तिने कागद घेतलाच नाही. बोटांत मला फिरवता फिरवता तिचा अंगठा त्या खळग्यात बसला. मी नेहमीच्या कलाने झुकलो. आठ रुंद आला, वर आला.

मला पुसायला ती थांबली नाही. मला हातात तसंच ओलं घेऊन बांधावर गेली आणि तिने पूर्ण नंबर मोठ्याने वाचला. एकही आकडा वेगळा पडत नव्हता. खाली होडीपाशी म्हाळू उभा होता, पण कसा वाटतोय ते त्याने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

"लई देखणा आलाय, अप्पा," ती म्हणाली. "तुमचे सगळेच आकडे लई देखणे हायेत."