कबुतरीचा पाय

"अरं धर, धर! बुडवती का काय ही मला!" दौलत ओरडला. तेवढ्यात लाट आली, तोंडात खारं पाणी गेलं, आणि तो खोकत राहिला.

"लगाम सोड आदी," धर्मा शांतपणे म्हणाला. "आयाळ धरलीस ती बस हाय. ती तुला नेल. तू तिला नेऊ नको."

दौलतने लगाम सोडला. कबुतरी छातीभर पाण्यात उभी होती. तिने मान उंचावली, नाकपुड्या फुगवल्या आणि एकेक पाय उचलत पाण्यातून चालू लागली. तिच्या आयाळीला धरून दौलतही लंगडत लंगडत तिच्याबरोबर निघाला.

कबुतरी ही गिरगावातल्या मनमोहनराव ऊर्फ भाऊसाहेब प्रभूंची अरबी घोडी. पारव्यासारख्या रंगावरून तिचं हे नाव पडलं होतं. दौलत तिचा स्वार. साताऱ्याकडचा, घोड्याच्या पाठीवरच वाढलेला माणूस. पुण्याच्या पावसाळी शर्यतीत चिखलात दोघंही आपटली. घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली आणि दौलतचा गुडघा दुखावला. तेव्हापासून रोज सकाळी चिंचपोकळीच्या तबेल्यातून निघून दोघं वरळीच्या समुद्रावर धर्माकडे येत.

धर्मा जातीचा कोळी, पण जाळ्यापेक्षा त्याचा हात घोड्यांच्या पायांवर जास्त बसलेला. शर्यतीच्या घोड्यांना तो समुद्रात उभं करी. आधी गुडघ्याएवढ्या पाण्यात, मग पोटाएवढ्या, मग छातीएवढ्या. पाणी अंगाचा भार उचलतं आणि दुखरा पाय भ्यायचं विसरतो, असं तो सांगे. बाहेर काढल्यावर कोमट तेलाने पाय चोळी, मिठाच्या पुरचुंडीने शेकी. कोळीवाड्यात त्याला 'घोडेकोळी' म्हणत. त्याची बायको शेवंता मासळी विकून घर चालवी आणि येता-जाता टोमणे मारी, "माजा पाय दुकतंय तवा कुटं असतंस रे? मना पन चार पाय पायजे व्हते!"

स्वारांच्या अंगाला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता. दौलतच पहिला. घोडी पाण्यात असताना एकदा तो काठावर गुडघा धरून बसला होता, तेव्हा धर्मा म्हणाला, "बसलायस कनाला? तू पन उतर." तेव्हापासून एकाच समुद्रात दोघांची दुखणी भिजू लागली.

त्या दिवशी पाण्याबाहेर आल्यावर धर्मा घोडीच्या पायाशी उकिडवा बसला. वरून खाली शीर चाचपत त्याने एका जागी अंगठा दाबला. कबुतरीने झटकन पाय ओढून घेतला.

"अजून हाय," धर्मा म्हणाला.

"सूज तर उतरलीया की."

"सूज उतरली. दुखनं हाय. होळीपत्तर थांबा. मग पलू दे, किती पलते ती."

दौलत ओल्या वाळूत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "भाऊसाहेबांनी सांगितलंय, ह्या म्हैन्यात पळाली तर ठेवायची. न्हाई पळाली तर इकायची. भायखळ्याचा एक व्हिक्टोरियावाला बघून बी गेलाय."

"गाडीला जुंपनार? हिला?"

"मग काय देव्हाऱ्यात बसवत्यात व्हय? आन् तिच्यासंगं मी बी गेलोच. नवा पोरगा आणलाय त्यांनी. निम्म्या वयाचा हाय माझ्या."

धर्मा पुढे सरकला. त्याने दौलतचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याच्या वाटीखाली दाबलं. दौलत कळवळला.

"बग," धर्मा हसला, "दोगांचं एकाच जागी दुकतंय. जुली भावंडं तुमी."

शर्यतीच्या दिवशी धर्माने धुतलेला सदरा घातला आणि डोक्याला लाल रुमाल बांधला. एवढी वर्षं घोड्यांचे पाय चोळले, पण शर्यत त्याने कधी पाहिली नव्हती. मनमोहनरावांनीच बोलावणं पाठवलं होतं. महालक्ष्मीच्या मैदानाबाहेर बग्ग्यांची रीघ लागली होती. आत टोप्या, पागोटी, पारशिणींच्या रेशमी साड्या. धर्मा अंग चोरून जीन कसायच्या जागेवर पोचला.

मनमोहनराव अस्वस्थपणे काठी आपटत उभे होते. ते मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना ताटकळत राहणं जमत नसे. "धर्मा, हे बघ," ते म्हणाले, "दौलत म्हणतो, पाय बरा आहे. घोड्यांचा डॉक्टर म्हणतो, चालीत तर खोट दिसत नाही. पण तिचा पाय रोज तुझ्या हातात असतो. तू हो म्हणालास तरच मी तिला सोडतो."

धर्मा खाली बसला. त्याने शीर चाचपली. थंडगार, सरळ होती. नेहमीच्या जागी त्याने अंगठा दाबला.

घोडी हलली नाही.

त्याने जास्त जोर लावला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कबुतरी शांतपणे दुसरीकडे बघत उभी होती. धर्माचे डोळे भरून आले. समुद्राने लवकर दान दिलं, असं त्याला वाटलं. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊसाब, बरी झाली. पलू द्या तिला."

दौलत तोवर खोगिरावर चढला होता. धर्माने वर बघून हात केला. दौलतने त्याच्याकडे पाहिलं नाही. शर्यतीच्या विचारात असेल, असं धर्माला वाटलं.

निशाण पडलं. कठड्याला छाती टेकवून धर्मा बघत होता. लांबवर घोड्यांचा एक पुंजका धुळीत सरकत होता. वळणावर त्यातून एक पारवा रंग सुटा झाला, पुढे आला, आणखी पुढे आला. धर्माच्या तोंडून आपोआप होडी वल्हवतानाची आरोळी निघाली. शेजारचे लोक हसले. कबुतरी आता सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिची ती चाल! पाण्यात एकेक पाय जपून टाकणारी हीच का ती घोडी?

कड्कन आवाज झाला. कोरडं वल्हं मोडावं तसा.

घोडी तोंडावर गेली, दौलत तिच्या डोक्यावरून उडाला, आणि मागचे घोडे दोन्ही बाजूंनी निघून गेले. धर्मा कठड्याखालून आत घुसला आणि धावत सुटला. कोणीतरी त्याला अडवत होतं, ते त्याला कळलंही नाही.

तो पोचेपर्यंत कबुतरी उठून उभी राहिली होती. डावा पाय सांध्याच्या वर मोडून लोंबत होता. आणि ती त्याच पायावर भार टाकत होती. पाय दुमडे, ती कोलमडे, पुन्हा सावरून पुन्हा तोच पाय टेकवू बघे. कान टवकारलेले, डोळे पुढच्या घोड्यांकडे. तिला अजून पळायचं होतं.

"उभी ऱ्हा! माजे आये, उभी ऱ्हा गो!" धर्माने तिच्या गळ्याला मिठी मारली. मोडक्या पायाचं जनावर वेदनेने थरथरतं हे त्याने पाहिलेलं होतं. ही थरथरत नव्हती.

दौलत थोड्या अंतरावर उताणा पडला होता. त्याचा तोच दुखरा पाय गुडघ्यातून भलतीकडे वळला होता आणि विजारीतून पांढरं हाड बाहेर आलं होतं.  दौलत मात्र डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होता.

"दौलत! हलू नको. पाय..."

"दुखत न्हाई रं," दौलत म्हणाला. "कायबी दुखत न्हाई."

धर्मा घोडीकडे वळला. मग पुन्हा दौलतकडे.

"काय केलंस तू?"

"दात काढताना सुई देत्यात न्हवं? सुन्न करायची. त्येच औषध आणलं. तिला दिली, मीबी घेतली." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "येवढी एकच शर्यत. मग होळीपत्तर थांबलोच असतो, धर्मा. गाडीला नसती जुंपली तिला कुणी."

 मगाशी धर्माने ज्या पायावर अंगठे टेकले होते तो पाय जागेवर नव्हताच जणू. अंगठ्यांनी त्याने पायाला विचारलं होतं आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं. आणि तेच त्याने उत्तर म्हणून धरलं होतं.

डॉक्टर पिस्तूल घेऊन आला. "बाजूला हो," कोणीतरी म्हणालं. धर्मा हलला नाही, तेव्हा दोघांनी त्याला ओढून नेलं. एकच बार झाला. सज्ज्यातली माणसं पुढच्या शर्यतीची चर्चा करत होती.

मनमोहनराव धापा टाकत आले. त्यांनी घोडीकडे पाहिलं आणि पागोटं काढून हातात घेतलं. 

"तू म्हणालास, बरी झाली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते खरोखर विचारत होते. "तुझ्या शब्दावर सोडली मी तिला. काय बघितलंस तू, धर्मा?"

दौलतने मान वळवली. धर्माला त्याचे डोळे दिसले. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की आपला हात खरा ठरणार होता, आणि या पडलेल्या माणसाच्या हाती बेड्या पडणार होत्या.

"चुकलो, भाऊसाब," धर्मा म्हणाला. "हात चुकला माजा."

मनमोहनरावांनी मान हलवली आणि पाठ फिरवली.

इस्पितळात न्यायला बग्गी आणली. धर्माने दौलतचं डोकं मांडीवर घेतलं. बग्गी मैदानाबाहेर पडते न पडते तोच औषध उतरू लागलं. आधी दौलतच्या कपाळावर घाम आला. मग एका खड्ड्यात चाक गेलं आणि तो असा किंचाळला की घोडे बिचकले. त्याने धर्माचं मनगट पकडलं. धर्माच्या मनात त्या क्षणी त्याच्याविषयी माया नव्हती. पण त्याने हात काढून घेतला नाही. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांना दौलतची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याचा पाय मांडीपासून कापला. दौलत जगला.

वरळीला त्यानंतर घोडे आले नाहीत. बातमी तबेल्यांतून फिरली होती: घोडेकोळ्याचा हात गेला. धर्मा भावाच्या होडीवर जाऊ लागला. शेवंताने काही विचारलं नाही. टोमणेही मारले नाहीत, आणि तेच त्याला जड गेलं.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी जाळं झटकताना त्याची बाही वर सरकली. मनगटाभोवती चार बोटांचे निळेकाळे वळ तिला दिसले.

"आगो बाय! ह्ये कवा झालं? आन इकडं, शेकते."

तिने चुलीवरून मिठाची पुरचुंडी उचलून आणली. धर्माने हात मागे घेतला आणि वळांवर स्वतःच अंगठा दाबला. चेहरा वेडावाकडा झाला त्याचा. तरी त्याने अंगठा काढला नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दुकतंय अजून. दुकू दे."