नदीपलीकडच्या सासूबाई

मोजणीदाराने मुलगी पाहिली तेव्हा नदीही नीट पाहून घेतली. तो नदीखात्यात होता. काठ किती खचला, गाळ कुठे साचला, हे मोजणं त्याचं काम. मुलीचं घर पलीकडे, नदीने घातलेल्या मोठ्या वळशाच्या आत, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीच्या जिभेवर होतं. होडी आठवड्यातून दोनदाच. होणाऱ्या सासूबाई फटकळ आहेत असं त्याने ऐकलं होतं. त्याने त्याच दिवशी होकार कळवला.

आठ वर्षं सुखात गेली. सासूबाईंना होडीत मळमळायचं, त्यामुळे त्या वर्षातून एकदा येत, जावयाच्या घोरण्यापासून चपलांपर्यंत सगळ्याची हजेरी घेत आणि परत जात.

नवव्या वर्षी मोजणी करताना त्याने फीत दोनदा लावून पाहिली. ती जीभ पलीकडच्या काठाला जिथे जोडलेली होती, तिथली मान दोन्ही बाजूंनी खचत होती. लग्नाच्या वर्षी दोनशे पावलं असलेली रुंदी आता साठावर आली होती. ती तुटली की नदी सरळ धावणार, जुना वळसा गाळाने भरणार आणि सासूबाई अलीकडे येणार. पायी.

मान वाचवायला दगड हवेत, असा अर्ज त्याने लोकहिताच्या नावाखाली केला. साहेबांनी विचारलं, तिथे पूल आहे का, शाळा आहे का. दोन्ही नव्हतं.

"मग लोकहितातले हे लोक म्हणजे कोण?"

साहेबांनी त्याची सासरवाडी विचारून घेतली, बराच वेळ हसले आणि अर्ज नामंजूर केला.

मग सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच तिथे बांबू रोवू लागला. आपलं माहेर वाचवायला नवरा राबतोय, असं बायको डोळ्यांत पाणी आणून साऱ्या गल्लीला सांगायची. त्याची मान वर होत नसे.

पुढच्या पुरात एका भरदुपारी आधी बांबू गेले, मग मान गेली. दोन वर्षांत वळशाची तोंडं गाळाने बुजली. एका सकाळी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्यात चपला, घोट्यापर्यंत चिखल.

पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगते. मुलगी नदीपलीकडे दिली ती मुद्दाम. पाहायला आलात त्या दिवशी तुम्ही तीन तास गाळावर बोललात. म्हटलं, हा माणूस रोज येऊ लागला तर मी कुठे जाऊ?"

त्याला वाईट वाटलं. पाठोपाठ इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. नदी आता त्यांच्या परसामागून धावत होती आणि कपडे वाळत घालायची दोरी खांबासकट वाहून गेली होती.

"घर किती दिवस टिकेल तेवढं सांगा. मी ऐकते."

त्याने जाऊन मोजलं. फार तर तीन वर्षं. इकडे उंचावर दोन खोल्या बांधायचं ठरलं. आपल्या शेजारचीच जागा रिकामी आहे, असं बायकोने सुचवलं.

"नको," दोघंही एकदम म्हणाले.

शेवटी चार गल्ल्या सोडून एक जागा मिळाली. मोजायला दोघंच गेले. फितीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं सासूबाईंनी, आणि तो फीत नीट ताणत नाही म्हणून त्या त्याला बोलत होत्या.