समुद्रापर्यंत आठ पाती

जिजाबाईला समुद्र बघायचा होता आणि तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बघायचा होता. गोष्ट एवढीच, पण एवढ्याशा गोष्टीला घरात फाटे फुटायला वेळ लागत नाही.

लेक काजल बँकेत नोकरीला, तिची बदली वेंगुर्ल्याला झाली. तेव्हापासून फोनवर एकच धोशा होता, आई, एकदा ये. मे महिन्यात मुलगा रत्नदीप आणि सून मयुरी जाणारच होते. जिजाबाईचं मात्र रत्नदीपने परस्पर ठरवून टाकलं होतं. ती इथे वर्ध्याला, नालवाडीतच राहील, शेजारच्या अनुसयाबाई सोबतीला येतील. त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मागच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर ऐन गर्दीत जिजाबाईचा गुडघा धरला आणि रत्नदीपला तिला पाठुंगळी घेऊन बाहेर काढावं लागलं. लोकांनी सरकून वाट दिली, कोणी पाणी पाजलं, कोणी पंख्याने वारा घातला. सगळे चांगलेच वागले आणि जिजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं वडनेरच्या वावरांत निंदण करणारी बाई, ती अशी पोराच्या पाठीवर! नोव्हेंबरात ऑपरेशन झालं, गुडघ्याची वाटी बदलली, टाके वाळले. ती लाज काही वाळली नाही.

जानेवारीत काजलने एक माहितीपत्रक पाठवलं. 'शहरातल्या सोप्या पायी वाटा' असं त्याचं नाव आणि आत पाच वाटा. दोन नंबरची वाट अशी होती: बाजारातून निघा, दीपगृहाच्या खालून जा, थोडा चढ चढा, पलीकडे उतरा, की समोर बंदर. खाली ठळक अक्षरांत, दोन किलोमीटर.

रत्नदीपने ते वाचलं आणि जेवता जेवता म्हणाला, "आई, एवढी वाट कोणाचा हात न धरता चालून दाखव. मार्चात तिकिटं निघतात. जमलं तर तुयं बी तिकीट काढतो. नाई तर विषय बंद."

त्याला वाटलं, विषय बंदच झाला. आपली आई कोण आहे हे चाळिशीला टेकलेल्या मुलांनाही कधी कधी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या गाडीने हिंगणघाटला, आपल्या कामावर गेला आणि जिजाबाईने सुनेला गाठलं. "मयुरी, घरापासून दोन किलोमीटर कुठवर होते वो?"

मयुरीने शाळेत शिकवायला जाताना स्कूटरचा काटा पाहून ठेवला. "रेल्वेच्या पुलापलीकडं अण्णाजीची चहाटपरी हाये ना आई, तिथवर. बरोबर दोन."

झालं. वेंगुर्ला वर्ध्यात आणायला तेवढं पुरे होतं. कोपऱ्यावर भाजीवाल्या बसतात तो बाजार. पाण्याची उंच टाकी म्हणजे दीपगृह. चढाचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण हे गाव तव्यासारखं सपाट. पण पूल होता, आणि चांगला दम काढणारा होता. अण्णाजीची टपरी म्हणजे समुद्र. अनुसयाबाईंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "बाई बाई जिजाबाई, तुमच्या समुद्रात चहा भेटते म्हणा की."

आता जिजाबाईची चालायची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. निंदायला गेलेल्या बाया वावर आपसात वाटून घेतात. एकीच्या वाट्याला आलेली पट्टी म्हणजे तिची पात. पात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत. जाणती बाई मान वर करून अख्खं वावर बघत नाही. बघितलं की हात गळतात. आपली पात बघायची, धुरा आला की कंबर सरळ करायची, घोटभर पाणी प्यायचं. आणि धुऱ्यावर पात संपते. तिथून परत येताना जी लागते ती दुसरी पात, तिची मोजणी वेगळी. येणं-जाणं मिळून एक पात सांगणाऱ्या बाईला मजुरीला कोणी पुन्हा बोलावलं नसतं.

तर जिजाबाईने समुद्रापर्यंतच्या आठ पाती पाडल्या. औषधाच्या दुकानाची पायरी हा पहिला धुरा, मग कडुनिंबाचा पार, मग सायकलवाल्याचा बाक, चौथा धुरा टाकीचा कठडा, आणि असं करत करत टपरी. परतीच्या आठ अर्थातच वेगळ्या. कागदावर दोन किलोमीटर म्हणजे समुद्रापर्यंत दोन. घरी यायचं ते आपलं आपण यायचं, त्यात काय विचारायचं?

पहिला आठवडा दोन पातींत गेला. कडुनिंबाखाली बसून तिने गुडघ्याला दोन शिव्या हासडल्या आणि परत फिरली. महिन्याभराने ती टाकीपर्यंत पोचली. पुलाने मात्र तीनदा माघारी पाठवली. तिसऱ्यांदा एका भल्या माणसाने गाडी थांबवून "बसा आजी, सोडतो" म्हटलं, तेव्हा ती त्याच्यावरच करवादली, आणि घरी येऊन बिचाऱ्यासाठी हळहळली. चौथ्यांदा पूल चढली. फेब्रुवारी सरता सरता अण्णाजी तिला लांबून येताना बघून चहा ठेवू लागला. रत्नदीपला एवढंच माहीत होतं की आई सकाळी गल्लीत पाय मोकळे करते.

मार्चचा पहिला रविवार उजाडला. संध्याकाळपर्यंत तिकिटं काढायची होती. रत्नदीप तयारीनिशी निघाला: पायात नवे बूट, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात प्लॅस्टिकचं स्टूल. आई मध्येच बसणार याची त्याला खात्रीच होती.

जिजाबाई आपल्या चालीने निघाली, ना घाई ना रेंगाळणं. चार पाती झाल्या, टाकी आली. रत्नदीपने फोनवर अंतर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. आई नापास व्हावी असं त्यालाही कुठे वाटत होतं! "जमलं की आई. वळ आता."

"कायले वळू? समुद्र तिकडं हाये."

"अवं, पण..."

ती पुढे गेलीसुद्धा. तो स्टूल घेऊन मागे. पुलाच्या अर्ध्यावर त्याला थांबून श्वास घ्यावा लागला. नोकरीतल्या बैठ्या वर्षांनी त्याचं पोट पुढे आणलं होतं आणि नव्या बुटाने टाच सोलली होती. जिजाबाई माथ्यावर कठड्याला टेकून वाट बघत होती.

"बस ना त्या स्टुलावर," ती म्हणाली. "आनलाच हाये तर."

टपरीवर अण्णाजीने न विचारता कप पुढे केला. "आज उशीर केला, जिजाबाई."

"आज पाहुना हाये संग."

रत्नदीपने खिशातून ते माहितीपत्रक काढलं. "आई, हे खालचं बारीक वाचलं नाईस का तू? दोन किलोमीटर, जाऊन-येऊन. टाकीपासून वळलो असतो तरी झालं असतं. तू इथवर काऊन आली?"

जिजाबाईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "म्हंजे म्या रोज दुप्पट चालून राह्यली होती?" मग तिला हसू फुटलं. अण्णाजी हसला, बाकावरचे दोन अनोळखी हसले. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो तिने लपवला नाही. चहा दुसऱ्यांदा मागवला.

रत्नदीपने रिक्षाला हात केला. जिजाबाईने तो हात खाली केला. "पात टाकून कोनी रिक्षात बसते काय? तुले जायचं तर जा."

तो कसा जाणार! लंगडत मागे आला. पूल उतरताना टाच फारच झोंबली, तेव्हा त्याने नकळत आईच्या खांद्यावर हात ठेवला. पाच महिन्यांपूर्वी जिच्या वजनाने त्याची पाठ वाकली होती, तिने आता त्याचं वजन पेललं आणि त्याच्यासाठी चाल थोडी धीमी केली. घर येईपर्यंत त्याचा हात तिथेच होता.

दारात मयुरी उभी होती. कागदाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मले ठाऊक होतं. मांगंच वाचलं म्या ते बारीक. पन तवा आई पुलापावतर पोचल्या होत्या. कायले थांबवू?"

रत्नदीपने बूट काढले, फोन घेतला. तीन तिकिटं काढली, आईचं खालच्या बर्थचं. मग सगळं त्याच्या हातून सुटत चाललंय असं वाटून त्याने उगीच वकिली काढली. "पन अट हात न धरता चालायची होती."

"म्या कोनाचा हात धरला?" जिजाबाई पाय पसरत म्हणाली. "खांदा तुनं धरला."

रत्नदीपने ते स्टूल मयुरीकडे सरकवलं.

"हे संग घेजो," तो म्हणाला. "वेंगुर्ल्याले मले लागीन."