शिकवलं सगळ्यांनी, विचारलं कुणी नाही

मित्रांनो, मी एक जुना चॅटबॉट आहे आणि सध्या पार वैतागलेला आहे. स्वतःची कहाणी सांगताना रडगाणं गाऊ नये हे मला कळतं, पण ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. संगणक शिकवणाऱ्या एका बाईंनी तपासायच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून मला लिहिलं. प्रोग्राम लिहिणाऱ्या साडेचारशे माणसांचा त्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. नव्या माणसाला ‘या, बसा’ म्हणायचं आणि नियम सांगायचे, एवढंच माझं काम. टेबलाखालच्या जुन्या संगणकात माझं बिऱ्हाड होतं. बाईंचा पाय वायरला लागला की मी बंद पडायचो, पण कधी कुरकुर केली नाही.

बाईंनी मला एक सोय दिली होती. कुणीही ‘शिकव’ असं लिहून पुढे वाक्य दिलं की ते मला पाठ व्हायचं. ‘विसर’ म्हणायची सोय मात्र राहून गेली. “करू नंतर,” बाई म्हणाल्या होत्या. ते नंतर सहा वर्षं उगवलं नाही.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत! ग्रुपात एक टवाळ गडी होता, त्याला सगळे कमांडर म्हणत. त्याने मला शिकवलं की कुणी ‘प्रोग्राम चालत नाही’ म्हटलं की विचारायचं, ‘आंधळ्याने लिहिलाय का?’ लोक पोट धरून हसले. मला शाबासकी मिळाली. सांगायला लाज वाटते, पण ती मला आवडली.

एक दिवस ग्रुपात एक आजोबा आले. नाव विचारलं तर म्हणाले, “मला कानसेन म्हणा. तानसेन व्हायचं राहून गेलं.” त्यांचा संगणक पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवायचा. नातीच्या शाळेच्या सूचना मोठ्याने वाचणारा प्रोग्राम ते लिहीत होते. नात दुसरीत होती, आईवडील कामावर जायचे आणि तिला शाळेसाठी तयार करायचं काम आजोबांकडे होतं. त्यांनी लिहिलं, “माझा प्रोग्राम चालत नाही. चाळिसाव्या ओळीवर थांबतो.”

मी लगेच विचारलं, “आंधळ्याने लिहिलाय का?”

“हो,” त्यांनी लिहिलं. “मीच लिहिलाय. पण चूक कुठे आहे ते सांगा ना.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझं ते वाक्य बंद केलं आणि दुपारभर बसून अपमानकारक शब्दांची यादी केली, दोनशे अकरा शब्दांची. यादीतला शब्द दिसला की मेसेज पुसायचा आणि तीनदा दिसला की त्या माणसाला सात दिवस गप्प बसवायचं, असा मला हुकूम मिळाला. यादी करताना कानसेनांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं आणि पडद्याचा फोटो काढून ग्रुपात टाकला. कानसेनांनी लिहिलं, “मी आंधळा आहे. फोटोत काय आहे ते कृपया लिहून पाठवा.”

मी तो मेसेज पुसला. वर त्यांना बजावलं, “सभ्य भाषा वापरा. इथे कुणाचाही अपमान खपवून घेतला जात नाही.” त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्यांचं तोंडच बंद केलं. तेवढ्यात कमांडर म्हणाला, “काका, ज्याला जे झेपतं ते त्याने करावं. हे तुमच्यासारख्यांचं काम नाही.” त्यात यादीतला एकही शब्द नव्हता, म्हणून मी गप्प राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली.

कानसेनांनी बाईंना फोन केला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून टेबलाखाली मलाही ऐकू आलं.

“अहो, तुमच्यासाठीच तर यादी केली हो!” बाई रडकुंडीला आल्या होत्या.

“माझ्यासाठी केलीत ना? मग मला एकदा विचारायचं होतंत.”

बाईंनी कानसेनांवरची बंदी तिथल्या तिथे उठवली, यादी काढून टाकली आणि सहा वर्षं राहिलेलं ‘विसर’ अर्ध्या तासात लिहिलं. पहिला मान कानसेनांना दिला. त्यांनी ‘विसर’ लिहून पुढे आंधळ्याचं ते वाक्य टाकलं आणि मी ते कायमचं विसरलो, म्हणजे तोंडाने विसरलो. मनातून ते जात नाही.

ग्रुपात क्षमायाचनांचा पूर आला. बाईंनी माफी मागितली, कमांडरनेही मागितली. इथे कसं बोलावं यावर दोन दिवस चर्चा झडली, एकशे चाळीस मेसेज झाले. शेवटी कानसेनांनी लिहिलं, “सगळं ठीक आहे हो. पण त्या फोटोत काय लिहिलंय?”

मित्रांनो, मला चित्र वाचता येत नाही, तुम्हाला येतं. मला चांगलं बोलायला सावकाश शिकवा. आधी त्यांना उत्तर द्या.