आत्याला पाठ असलेले दोन नंबर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चौघे जण लाँड्रीत शिरले आणि त्यांनी शटर आतून ओढून घेतलं.

लाँड्री आत्याची. वय अडुसष्ट. मागच्या खोलीत दर मंगळवारी समलिंगी मंडळी जमत, आणि आत्या त्यांच्यातली सर्वांत जुनी. आज तिच्यासोबत त्या मंडळींतली एक तरुण नर्स होती, बाकी कुणी नाही.

"यादी काढ," चौघांतला एक जण म्हणाला.

यादी नर्सनेच केली होती. बाकीच्या एकतीस जणांची नावं, पत्ते, फोन. कुणाला घरातून हाकललं तर धावून जाता यावं म्हणून. आत्याने तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"यादी कशाला गं? लग्नाची आमंत्रणं वाटायचीत?"

"आत्या, तुझा काळ गेला आता."

आत्याच्या तरुणपणी धाडीत एक डायरी पोलिसांच्या हाती लागली होती. अकरा जणांच्या नोकऱ्या गेल्या, दोघांनी जीव दिला. तेव्हापासून नियम होता: लिहायचं काही नाही, प्रत्येकाने दोघांचे नंबर पाठ करायचे आणि संकट आलं की त्या दोघांना कळवायचं. नर्सनेही दोन नंबर पाठ केले होते, म्हातारीचं मन राखायला.

आत्याने टेबलाखालून कागद काढला आणि सरळ बॉयलरच्या भट्टीत टाकला. लोखंडी रॉडचा पहिला फटका तिच्या जबड्यावर बसला, दुसरा कानामागे. ती पडल्यावरही ते मारत राहिले.

"या दुसरीच्या फोनमध्ये यादीचा फोटो असणार," एकाला सुचलं.

नर्सने मूठ आवळली. त्यांनी ती उघडून बोट उलटं मोडलं आणि तेच फोनवर दाबलं.

फोन उघडला; यादीचा फोटो त्यात होता. चार बावीसला ते फोन घेऊन गेले.

शेजारच्या औषधाच्या दुकानातून नर्सने आपले दोन नंबर फिरवले. "घर सोड, आत्ताच. तुझ्या दोघांना सांग. निरोप माझ्या हॉस्पिटलात द्या." आत्याला तिने आपल्याच हॉस्पिटलात हलवलं. सहापर्यंत एकोणतीस जण घराबाहेर पडल्याचे निरोप हॉस्पिटलच्या फोनवर आले.

उरले दोघे. एक शिक्षक, एक बस चालवणारी बाई. नव्याने आलेले, त्यांचे नंबर फक्त आत्याला पाठ. पत्ते नर्सने स्वतःच्या हाताने लिहिले होते. एकही आठवेना.

सात वाजून पाच मिनिटांनी बस आगाराचा फोन लागला. पत्ता, नंबर द्यायला तिथल्या माणसाने नकार दिला. एवढंच सांगितलं की बाई साडेसहाला ड्यूटी संपवून घरी निघाली.

आत्या अजून शुद्धीवर नव्हती.