ऑटोसाठी थांबलेली गाडी

एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले मोरेश्वर काका २००५च्या उन्हाळ्यात लेकाकडे ॲन आर्बरला आले आणि आठवड्यात कंटाळले. तेवढ्यात शेजारच्या एडिथबाईंच्या गराजचं दार उघडं दिसलं. आत एक लांबुळकी, टप नसलेली, दोन सीटांची जुनी गाडी.

"अमेरिकेत स्टिअरिंग उजवीकडे! अगदी आपल्यासारखं," ते सुनेला, दीपाला म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मुक्काम तिथेच हलला.

गाडी एडिथबाईंच्या वडिलांची. बाई एकोणनव्वदच्या, पण आवाज खणखणीत. त्या सांगत, अडेल तिथे दीपा मराठी करून देई. वडील क्लॅरेन्स लोहाराचा मुलगा. जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा उतरले आणि पाच वर्षांत मोटारींच्या अकरा शर्यती मारल्या. तेव्हा ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा. त्यांच्या मेकॅनिकचं नाव ऑटो. १९१४च्या शर्यतीत शेवटच्या फेरीला क्लॅरेन्स सगळ्यांच्या पुढे होते. वळणावर हीच गाडी उसळली आणि ऑटो बाहेर फेकला गेला.

"मग?" काकांचा पाना हातातच राहिला.

"गाडी थांबवली, मागे पळाले. ऑटोचा पाय मोडला होता. बाकीचे सगळे पुढे निघून गेले. गाडीच्या मालकाने त्यांना दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, पुन्हा कुणी शर्यतीला घेतलं नाही. पुढे ही गाडी भंगारात निघाली, ती दोघांनी घेतली आणि चाळीस वर्षं मिळून गॅरेज चालवलं."

"वाईट वाटायचं त्यांना?"

"वाटायचं की. शर्यतीच्या तारखेला दिवसभर गप्प असायचे. संध्याकाळी ऑटो जेवायला आला की बोलायला लागायचे."

महिनाभर खटपट करूनही इंजिन एकदा खोकायचं नि बंद पडायचं. पेट्रोल पुढे येतच नव्हतं. शेवटी काकांना डाव्या सीटजवळ एक दांडा सापडला.

"ऑटोचा हवेचा पंप!" बाई म्हणाल्या. "टाकीत हवा भरत राहायची, तर पेट्रोल पुढे येणार."

काकांनी पंप मारला, हँडल फिरवलं. इंजिन असं गरजलं की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. काका उजवीकडे चढणार, तोच बाई ओरडल्या, "तिथे मी!"

"बाबा, नको हं," दीपा म्हणाली. पण काका मुकाट्याने डावीकडे जाऊन बसले.

कोपऱ्यावर बाईंनी ब्रेक न लावताच वळण घेतलं. "अगं आई गं!" काकांनी एका हाताने सीट धरली, दुसऱ्याने पंप चालूच ठेवला. तीन चकरा झाल्या. चौथीला पेट्रोलच संपलं आणि दीपासकट अर्ध्या गल्लीने गाडी ढकलत घरी आणली.