विहिरीत टाकलेला रिले

आष्टीत अंगदच्या अंगणात उजाडल्यापासून गाडी नुसती केकाटत होती. चावी फिरवली की इंजिन गरगर फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. मागच्या सीटवर त्याची पोरगी संध्या बुटाच्या नाड्या आवळून बसली होती. जालन्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. पहिली एसटी केव्हाच गेली होती. गाडीनं सोडतो, असं बापानंच सांगितलं होतं.

अंगद खाली उतरला. एवढ्या सकाळी मेकॅनिक कुठं मिळतो, जाऊ द्या, पुढल्या भरतीला बघू, म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की त्याच्या बायकोच्या, दैवशालेच्या मस्तकात तिडीक गेली.

"सरका," म्हणून ती स्वतः बसली.

इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी बराबर होती. काटा अर्ध्यावर, म्हणजे पेट्रोलही होतं. मागं परतूरच्या गॅरेजात पेट्रोलचा पंप बदलला तेव्हा ती तिथंच उभी होती. चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून घूं असा बारीक आवाज येतो, हे तिला माहीत होतं. तिनं संध्याला सीटला कान लावायला सांगितलं आणि चावी अर्धी फिरवली.

"काहीच न्हाई, आई."

पंपच चालत नव्हता. दैवशालेनं बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डब्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. आत एकेका भागाला वीज सोडणाऱ्या काळ्या चौकोनी रिलेंच्या रांगेत एक जागा मोकळी होती. झाकणाच्या आतल्या नकाशात त्या जागेवर पंपाचं चित्र होतं.

"हे आपोआप गळून पडत न्हाई," ती म्हणाली. "कुणी काढलं?"

अंगदनं ओट्याकडं पाहिलं. तिथं त्याचा बाप रामराव चहा पीत बसला होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि बिनदिक्कत सांगितलं, की मीच काढायला लावलं. पोरीनं हजार माणसांपुढं पळायचं, हे या घरात चालणार नाही.

"मामा, तुम्ही तर वर्षभर तोंडावर नको म्हणत आल्तात," दैवशाला म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "तुम्ही रोज पहाटे पांदीच्या वाटेवर तिच्या पळण्याला घड्याळ लावून उभे राहत व्हता. द्या तो रिले."

"हिरीत टाकला," अंगद पुटपुटला.

तिला वाटलं, याच्या तोंडात मारावी. तिनं पुन्हा डब्यात पाहिलं. हॉर्नचा रिले तसाच दिसत होता, खालचे पायही तसेच. तिनं तो उपटला आणि मोकळ्या जागी दाबला. चावी फिरवताच मागून घूं झालं आणि गाडी सुरू झाली.

अंगद दार उघडू लागला. तिनं आतून लॉक लावलं.

परतूरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याच्या मधोमध चालला होता. हॉर्न वाजणार नव्हता. संध्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन दार बडवू लागली. दैवशालेनंही काच खाली घेतली. अंगणात गिळलेल्या सगळ्या शिव्या तिनं त्या ट्रॅक्टरवाल्याला घातल्या. तो बिचारा घाबरून कडेला झाला.

मैदानाचं फाटक लावत असतानाच त्या पोचल्या. संध्या आत पळाली. दैवशाला कुंपणाशी उभी राहिली, तेवढ्यात अंगदचा फोन आला. बाप ऐकतच नव्हता, मी काय करणार व्हतो, म्हणाला.

"सांगणारे मामा असतील. काढणारा हात तुमचा व्हता," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

शिट्टी झाली. पोरी सुटल्या. शेवटच्या वळणावर संध्या पुढच्या तिघींत होती. धावण्यात ती पास झाली. घामानं निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "बापूला सांगू का?"

"तुझा बाप हाय, तू सांग," दैवशाला म्हणाली. "मी न्हाई बोलणार."

संध्यानं खूप वेळ फोन हातात धरून ठेवला. मग न लावताच तो बॅगेत टाकला.